घरच्या रेकॉर्डिंगमधली घरघर : चोर शोधायचा कसा?

एक लॅपटॉप, एक माइक आणि ऑडासिटीसारखं फुकट सॉफ्टवेअर एवढ्या भांडवलावर आज कुणीही घरी रेकॉर्डिंग करू शकतं. आपल्या हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर असा एखादा 'स्टुडिओ' सापडतोच. गिटार वाजते, गाणं होतं, सगळे 'वा वा' म्हणतात. मग हेडफोन लावून रेकॉर्डिंग ऐकलं की गाण्याच्या मागे कुणीतरी सतत गुणगुणत असतं. घूंऽऽऽ... किंवा सूंऽऽऽ... किंवा ज्ज्ज्ज!

अशा वेळी बहुतेक जण पहिला दोष माइकला देतात आणि नवा माइक घ्यायला निघतात. पण आवाज माइकमुळे आला की वायरमुळे, चार्जरमुळे की डोक्यावरच्या पंख्यामुळे, हे तपासल्याशिवाय पैसे खर्च करणं म्हणजे पोट दुखतंय म्हणून चष्मा बदलण्यासारखं आहे. हा चोर शोधायला महागडी उपकरणं लागत नाहीत. एक वही, थोडा संयम आणि फर्स्ट इयरला शिकलेलं बेसिक इलेक्ट्रिकल पुरतं.

एवढा खटाटोप कशासाठी?

गिटारचं रेकॉर्डिंग बिघडलं तर परत करता येतं. पण आपल्या खानदेशात असे आवाज आहेत जे परत मिळतीलच असं नाही. आखाजीला झोक्यावर म्हटली जाणारी गाणी, श्रावणातल्या कानबाईची गाणी, जात्यावरच्या ओव्या... ही अहिराणी गाणी ज्यांना पूर्ण पाठ आहेत त्या आज्या आता सत्तरी-ऐंशीच्या आहेत. माझ्यासारख्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्यांना अहिराणी समजते, पण गाणं म्हणायला सांगितलं की दुसऱ्या ओळीला गाडी अडते.

बहिणाबाई चौधरींचं (१८८०-१९५१) उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरच्यांनी ती गाणी लिहून ठेवली म्हणून १९५२ मध्ये त्यांचं पुस्तक निघू शकलं. शब्द कागदावर राहतात. पण गळा, हेल, मध्येच घेतलेला श्वास कागदावर उतरत नाही. त्यासाठी रेकॉर्डिंगच लागतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साथीने त्यातल्या कितीतरी प्रत्यक्ष बायकांच्या आवाजात रेकॉर्ड झाल्या. २०१७ पासून 'पारी'ने त्या सगळ्यांना ऐकायला खुल्या केल्या. असं काम आपल्या तालुक्यात, आपल्या लॅपटॉपवरही होऊ शकतं. फक्त आजीच्या आवाजावर चार्जरची घूं बसायला नको!

आधी ठरवा : नको असलेला आवाज कोणता?

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. ओवीच्या मागे जात्याची घरघर असते. ती काढून टाकायची का? मुळीच नाही, कारण ओवीची लय त्या जात्यातूनच येते. आखाजीच्या गाण्यातली झोक्याच्या दोरीची कुरकुर हीसुद्धा गाण्याचाच भाग. पण फ्रिजचा कॉम्प्रेसर, महामार्गावरचे ट्रक आणि लॅपटॉपचा फॅन यांचा आजीच्या गाण्याशी काही संबंध नाही. म्हणजे 'नॉइज' हे आवाजाचं नाव नाही, तो आपण दिलेला निकाल आहे. रेकॉर्डिंगच्या आधी काय ठेवायचं आणि काय घालवायचं याची वहीत चक्क दोन रकान्यांत यादी करावी.

चोराची ओळख परेड

कुणीही न बोलता, न हलता ३० सेकंदांची शांतता रेकॉर्ड करा. ऑडासिटीच्या ॲनलाइज मेनूमध्ये प्लॉट स्पेक्ट्रम आहे, तिथे साइझ १६३८४ ठेवा. ४४१०० चं सॅम्पलिंग असेल तर ४४१०० भागिले १६३८४, म्हणजे साधारण २.७ हर्ट्झचा एकेक कप्पा मिळतो. एवढ्या बारकाईत ५० आणि १०० हर्ट्झचे सुळके स्पष्ट वेगळे दिसतात. आता ओळख परेड :

१) नुसती जाड घूं, ५० हर्ट्झला मोठा सुळका : आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ती वायरमध्ये बाहेरून शिरते आहे किंवा अर्थिंगमध्ये घोळ आहे.

२) १०० हर्ट्झ आणि त्याच्या पटीत २००, ३०० : फुल-वेव्ह रेक्टिफायर ५० चे १०० करतो हे आपण शिकलोच आहोत. तेव्हा पॉवर सप्लायवर संशय घ्या. ट्रान्सफॉर्मरची आणि जुन्या ट्यूबलाइटच्या चोकची गुणगुणसुद्धा १०० हर्ट्झचीच असते, मात्र ती हवेतून थेट माइकमध्ये येते.

३) ज्ज्ज्ज असा कर्कश आवाज : पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर किंवा डिमर. आतला ट्रायॅक प्रत्येक अर्ध्या सायकलमध्ये लहर मध्येच कापतो. त्या तुटक्या कडेतून वरच्या फ्रिक्वेन्सींचा पाऊस पडतो. पंखा मधल्या स्पीडवर असताना आवाज जास्त आणि फुल्लवर कमी झाला, तर हाच चोर.

४) बारीक शिट्टी, १००० किंवा ८००० हर्ट्झला : यूएसबी. फुल स्पीड यूएसबीची फ्रेम १ मिलिसेकंदाची असते आणि हाय स्पीडची मायक्रोफ्रेम १२५ मायक्रोसेकंदांची. त्यांचेच हे १००० आणि ८०००. माउस हलवला की आवाज बदलत असेल, तर लॅपटॉपच्या आतलीच खळबळ ऐकू येते आहे.

५) टिडिक्-टिडिक्-टिडिक् : जवळचा मोबाइल टू-जीवर बोलतोय. जीएसएममध्ये फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा छोटे झटके पाठवतो. फोन फ्लाइट मोडवर टाकून दुसऱ्या खोलीत ठेवला की विषय संपला.

६) सूंऽऽ, सगळ्या फ्रिक्वेन्सींवर सारखी : ही हिस. तिच्याबद्दल पुढे.

हवेतून की वायरमधून?

ओळख परेडनंतर सगळ्यात उपयोगी प्रश्न हाच. त्याचं उत्तर मिळालं की अर्धे संशयित सुटतात.

काहींचा सल्ला असतो की माइकला गोधडीत गुंडाळा, आवाज कमी झाला तर तो हवेतला. सूं किंवा ज्ज्ज साठी ही युक्ती चालते, पण जाड घूं साठी फसते. ५० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी जवळपास ७ मीटर आहे. चार बोटं जाडीची गोधडी तिला काय अडवणार! भिंतीवर गाद्या उभ्या केल्या की खोलीचा एको कमी होतो, पण ट्रकची घरघर थांबत नाही, त्याचंही कारण हेच.

खात्रीची युक्ती इंजिनिअरला शोभेल अशी आहे. रिकाम्या एक्सएलआर कनेक्टरच्या २ आणि ३ नंबरच्या पिनांमध्ये १५० ओहमचा रेझिस्टर सोल्डर करा. ४८ व्होल्टची फँटम पॉवर बंद करा आणि माइकच्या जागी हा 'खोटा माइक' जोडा. इंटरफेसला वाटतं माइक आहे, पण त्याला कान नाहीत! गेन तोच ठेवून परत ३० सेकंद रेकॉर्ड करा. घूं तशीच राहिली तर ती वायर, इंटरफेस किंवा लॅपटॉपमधली. गेली तर ती हवेतून किंवा माइकमधून येत होती. केबल नुसती काढून इनपुट उघडा ठेवून तपासू नका. उघडा इनपुट स्वतःच जास्त खरखरतो आणि निष्कर्ष चुकतो.

आणखी एक सोपी चाचणी : डायनॅमिक माइक हातात धरून जागेवरच गोल फिरवा. दिशेप्रमाणे घूं कमी-जास्त झाली तर जवळच्या एखाद्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र माइकच्या कॉइलमध्ये शिरतंय. गिटारवाल्यांनी तारांना हात लावून बघावं. हात लावल्यावर घूं कमी होत असेल तर शील्डिंग किंवा अर्थिंग कमी पडतंय.

यानंतरची पायरी म्हणजे लॅपटॉपचा चार्जर काढून फक्त बॅटरीवर रेकॉर्ड करणं. त्याने फरक पडला नाही तर घरातला मेन स्विच बंद करून बघा. इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते. मेन बंद केला की इन्व्हर्टर आपोआप सुरू होतो! स्वस्तातला इन्व्हर्टर चौकोनी लहर देतो. तिच्यात ५० च्या जोडीला १५०, २५०, ३५० असे पाहुणे असतात आणि घूं उलट वाढते. म्हणून इन्व्हर्टरही बंद करूनच ही चाचणी घ्यायची.

एका वेळी एकच बदल... आणि मोठा चोर आधी

एका वेळी एकच गोष्ट बदला, परत ३० सेकंद रेकॉर्ड करा आणि वहीत आकडा लिहा, हा प्रॅक्टिकलचा नियम सगळ्यांना पाठ आहे. आकड्यासाठी ॲनलाइज मेनूमधलं कॉन्ट्रास्ट हे टूल आरएमएस पातळी दाखवतं. पण नुसता हा नियम पाळूनही माणूस फसतो. कसं ते गणिताने पाहू.

समजा खोलीत तीन आवाज आहेत. रेकॉर्डिंगमध्ये कूलर उणे ४० डीबी, पंखा उणे ४६ डीबी आणि चार्जरची घूं उणे ५० डीबी. डीबी सरळ बेरजेने मिळवता येत नाहीत, आधी पॉवरमध्ये बदलावे लागतात. तशी बेरीज केली तर एकूण पातळी उणे ३८.७ डीबी येते. आता एकेक गोष्ट बंद करून, परत चालू करून पाहू :

– फक्त चार्जर काढला : उणे ३९.०. फरक ०.३ डीबी.
– फक्त पंखा बंद : उणे ३९.६. फरक ०.९ डीबी.
– फक्त कूलर बंद : उणे ४४.५. फरक ५.८ डीबी.

पहिल्या दोन ओळी वाचून कुणीही लिहील, 'चार्जर निर्दोष, पंखा निर्दोष.' इथेच गडबड होते. कूलर बंद ठेवून मग पंखा बंद केला, तर पातळी उणे ४४.५ वरून थेट उणे ५० वर येते. तोच पंखा, पण आता फरक साडेपाच डीबी! आणि त्यानंतर जे उरतं ती सगळी चार्जरची घूं.

म्हणजे मोठा आवाज चालू असेपर्यंत लहान आवाजांना दिलेली क्लीन चिट कच्ची असते. जो बंद केल्यावर सगळ्यात जास्त फरक पडतो त्याला आधी काढा, तो परत चालू करू नका, आणि उरलेल्या सगळ्यांची चौकशी पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. माझ्या मते या सगळ्या लेखातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट हीच आहे. नॉइज शोधणाऱ्यांचा धीर सुटतो तो 'काहीही बंद करा, फरकच पडत नाही' या वाक्यावर. फरक पडत असतो, पण तो मोठ्या आवाजाखाली झाकलेला असतो.

मोठमोठ्या वैज्ञानिकांनाही याच पायऱ्या चढाव्या लागल्या. १९६४ मध्ये अमेरिकेत बेल लॅब्जच्या होल्मडेल इथल्या अँटेनावर पेन्झियास आणि विल्सन यांना सगळ्या दिशांनी सारखीच येणारी एक बारीक सूं सापडली. त्यांनी एकेक संशयित तपासला. अँटेनात घरटं केलेली कबुतरं हाकलली, त्यांची विष्ठासुद्धा साफ केली. सूं राहिलीच. ती विश्वाच्या जन्मानंतर उरलेली उष्णता होती, आणि त्या शोधाला १९७८ चं नोबेल मिळालं. बाकीचे चोर आधी बाद केले नसते तर त्यांना छातीठोकपणे काही सांगता आलं नसतं. आपल्या महाराष्ट्रात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. जागा निवडताना तिथला रेडिओ गोंगाट कमी असणं हा एक मुख्य मुद्दा होता. तरीही विजेच्या तारांवरच्या ठिणग्या आणि मोबाइलसारखे सिग्नल ओळखून वेगळे काढणं हे तिथलं सततचं काम आहे. आपला माइक आणि त्यांची दुर्बीण, दोघांचं दुखणं एकच!

अर्थिंग : इथे मस्करी नाही

लॅपटॉपचा थ्री-पिन चार्जर एका भिंतीवर आणि मिक्सर किंवा ॲम्प्लिफायर दुसऱ्या भिंतीवर लावला की दोघांना अर्थकडे जाणारे दोन वेगळे रस्ते मिळतात. त्या दोन टोकांत अगदी थोडा व्होल्टेज फरक असला तरी ऑडिओ केबलच्या जाळीतून ५० हर्ट्झचा करंट फिरू लागतो. याला ग्राउंड लूप म्हणतात.

यावर काही जण सर्रास एक 'उपाय' सांगतात, पिनेचं वरचं जाड टोक तोडा. घूं खरोखर जाते. पण त्याबरोबर तुमचं संरक्षणही जातं. उद्या ॲम्प्लिफायरच्या आत फेजची वायर बॉडीला टेकली तर २३० व्होल्ट जमिनीत जाण्याऐवजी माइकच्या धातूच्या जाळीवर येऊन थांबतील, आणि त्या जाळीपासून दोन बोटांवर गाणाऱ्याचे ओठ असतात! थर्ड पिन कधीही तोडू नका. बरोबर उपाय असे :

– सगळी उपकरणं एकाच चांगल्या एक्स्टेन्शन बोर्डवर लावा. म्हणजे अर्थचा रस्ता एकच राहतो.
– बॅलन्स्ड केबल वापरा. तिच्या दोन तारांमध्ये घूं सारखीच शिरते आणि इंटरफेस दोघींची वजाबाकी करतो. घूं उडते, गाणं राहतं.
– तरीही राहिली तर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स लावा.
– ऑडिओ केबल आणि मेनची वायर शेजारी शेजारी झोपवू नका. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा.

घराचं अर्थिंगच कमजोर असेल तर वरचे उपाय अर्धेच चालतात. उन्हाळ्यात माती सुकली की अर्थिंगच्या खड्ड्याचा रेझिस्टन्स वाढतो. कोळसा-मीठ घातलेल्या त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतायला जुने इलेक्ट्रिशियन सांगतात ते याचसाठी. न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज एक-दोन व्होल्टपेक्षा बराच जास्त निघाला तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. हे माप स्वतः घेऊ नका, जाणकाराकडूनच घ्या.

सूं कधी शून्य होत नाही

घूं पूर्ण घालवता येते, सूं फक्त कमी करता येते. कोणत्याही रेझिस्टन्समध्ये तापमानामुळे इलेक्ट्रॉन नाचत असतात. १९२८ मध्ये बेल लॅब्जच्याच जॉन्सनने हे मोजलं आणि नायक्विस्टने त्याचं सूत्र दिलं. आपल्या १५० ओहमच्या खोट्या माइकचं गणित केलं तर ३०० केल्विन तापमानाला २० किलोहर्ट्झच्या बँडविड्थमध्ये सुमारे ०.२२ मायक्रोव्होल्ट नॉइज निघतो. याच्या खाली कितीही महाग उपकरण जाऊ शकत नाही.

म्हणून सूं वरचा इलाज म्हणजे आवाज मोठा करून घेणं. माइक ४० सेंटीमीटरवरून २० वर आणा, गाणाऱ्याचा आवाज जवळपास ६ डीबीने वाढतो आणि तेवढा गेन कमी करता येतो. सगळ्यात मोठी ओळ उणे १२ ते उणे ६ डीबीपर्यंत पोहोचेल एवढाच गेन ठेवा. रेकॉर्डिंग २४ बिटला करा, म्हणजे लाल दिव्यापर्यंत जायची घाई करावी लागत नाही. मोबाइलवर रेकॉर्ड करत असाल तर ऑटो गेन बंद करता येणारं ॲप वापरा. नाहीतर आजी श्वास घ्यायला थांबली की फोन गेन वाढवतो आणि सूं पुढे येऊन बसते.

कूलर की आजी?

मागच्या सुट्टीत शिरपूरला आमच्या गल्लीतल्या एका आजींची आखाजीची गाणी आम्ही रेकॉर्ड केली. आखाजी येते एप्रिल-मे महिन्यात, आणि तेव्हाचं खानदेशचं ऊन मी वेगळं सांगायला नको. वहीतल्या यादीत सगळ्यात मोठा चोर अर्थातच कूलर होता. पण ऐंशीच्या घरातल्या आजींना भरदुपारी कूलर बंद करून बसवणं कोणत्या पुस्तकात लिहिलंय? अशा वेळी कान नाही, माणुसकी चालवायची.

तोडगा आजींनीच काढला. म्हणाल्या, ''दुपारले कसाले? पहाटे या ना!'' पहाटे साडेपाचला कूलर लागत नाही, पंखाही बंद चालतो, गल्लीत गाड्या नसतात. फ्रिज अर्धा तास बंद ठेवला, लॅपटॉप बॅटरीवर, फोन बाहेर. मग लक्षात आलं की जात्यावर बसण्याची वेळ तरी कोणती होती? हीच. महामार्गाकडून येणारी थोडी घरघर उरली, ती ८० हर्ट्झच्या हाय-पास फिल्टरने गेली. बाईच्या आवाजाचा पाया साधारण १८० च्या वर असल्यामुळे गाण्याला धक्का लागला नाही. मध्येच एक कोंबडा आरवला. तो मात्र आम्ही एकमताने 'ठेवायच्या' रकान्यात टाकला.

सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी

'एवढं कशाला, नॉइज रिडक्शन मारू ना!' असं रूममेट म्हणणारच. पण ज्ज्ज आवाजाचे सुळके २००, ३००, ४०० असे गाण्याच्या अंगातच घुसलेले असतात. ते कापताना गळाही कापला जातो, आणि माणूस पाण्याखालून गातोय असं वाटतं. म्हणून जे बाहेर थांबवता येतं ते बाहेरच थांबवा. उरलेल्या किरकोळ सूं साठी सॉफ्टवेअर ठीक आहे. त्यासाठी प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला १० सेकंदांची शांतता ठेवा, म्हणजे नमुना मिळतो. मूळ फाइल मात्र कधीच पुसू नका. दोन ठिकाणी जपा, आणि सोबत गाणाऱ्याचं नाव, गाव, तारीख आणि त्यांची परवानगी लिहून ठेवा.

तर मित्रांनो, येत्या सुट्टीत घरी जाल तेव्हा लॅपटॉपसोबत एक वही आणि १५० ओहमचा एक रेझिस्टर बॅगेत टाका. आपापल्या गावातल्या एका तरी आजीला, आजोबांना गातं करा. कुणाच्या रेकॉर्डिंगमधला चोर सापडत नसेल तर वही घेऊन आमच्या रूमवर या. चहा तुमचा, शोध आपला!